तीन रंगांची टॉर्च, रानडुकरं आणि भाताची राखण

ठाणे स्टेशनहून जांभळी नाक्याकडे जाताना विजेच्या सामानाची जुनी दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानातून मी गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तीन रंगांची टॉर्च घेतली. लाल, हिरवा, पांढरा. तिन्हींचे एलईडी वेगवेगळे. पुढच्या बाजूला एक कडं आहे, ते फिरवलं की उजेड कमी-जास्त होतो. सेल आणि चार्जरसकट २,९०० रुपये पडले. भात निसवल्यापासून, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यापासून, झोडणी होईपर्यंत ती आमच्या शेतावर राबली आहे, त्यामुळे आता तिच्याबद्दल खात्रीने लिहिते. माझ्याकडून पाचातले चार गुण. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

आमचं शेत मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याला टोकावड्याच्या बाजूला, रानाला लागून आहे. खालच्या खाचरांत हळवं (लवकर पिकणारं) भात, वर गरवं (उशिरा पिकणारं), आणि बांधाकडेला रताळी. दाणा दुधात आला की डुकरं उतरतात. खातात त्याहून जास्त तुडवतात, लोळतात, आणि गांडुळांसाठी बांध उकरतात. बांध फुटला की खाचरातलं पाणी एका रात्रीत खाली जातं, आणि ऐन दाणा भरायच्या वेळी भात सुकतं. ज्यांच्या घरचं भात असं गेलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आमच्याकडे जागलीला धाकटे दीर आणि मी असतो. आमचे हे कामामुळे शनिवारी रात्रीच पोचतात.

टॉर्चच्या खोक्यावर रानडुकराचं चित्र आहे आणि खाली शिकारीसाठी उपयुक्त असं इंग्रजीत छापलंय. या टॉर्चा मूळ अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी निघाल्या. टेक्साससारख्या राज्यात मोकाट डुकरं बाहेरून आलेली, बेसुमार वाढलेली, आणि तिथे रात्री दिवे लावून त्यांची शिकार करायला कायद्याने मुभा आहे. आपल्याकडचं रानडुक्कर मात्र इथलंच आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं. पीक खाल्लं म्हणून आपण होऊन त्याला मारता येत नाही, त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं तर ताबडतोब अर्ज करायचा, पंचनामा करून घ्यायचा, भरपाई मिळते. तारेत करंट सोडण्याचा विचारसुद्धा कुणी करू नये. तो गुन्हा आहे, आणि अशा तारांना चिकटून माणसं, गुरं आणि बिबटे मेले आहेत. मी टॉर्च घेतली ती डुकरं वेळेत दिसावीत आणि हाकलता यावीत एवढ्यासाठी. पण त्या शिकाऱ्यांनी रंगांबद्दल जो विचार केलाय तो आपल्या राखणीलाही शंभर टक्के लागू पडतो.

तर रंग. दुकानात आणि व्हिडिओत सगळे एकच सांगतात, की डुकराला लाल आणि हिरवा दिसत नाही. यातलं अर्धंच खरं आहे. डुकराच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या डोळ्यात तीन. १९८९ साली पाळीव डुकरांच्या डोळ्यांवर झालेल्या मोजमापात एका प्रकारच्या पेशी ४३९ नॅनोमीटरला (उजेडाचा रंग या मापात मोजतात), म्हणजे जांभळट निळ्याला, आणि दुसऱ्या ५५६ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी रंगाला सगळ्यात जास्त दाद देतात असं दिसलं. पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर ही एकच प्रजाती. आता टॉर्चचा लाल साधारण ६२० ते ६३० च्या आसपास, म्हणजे त्यांच्या डोळ्याच्या अगदी कडेला. तो त्यांना फिकट, अंधूक दिसत असणार. हिरवा ५२० ते ५३० चा, तो त्यांना चांगलाच दिसतो. आणि पांढऱ्या एलईडीत मुळात निळा दिवा असतो, ४५० च्या आसपासचा, त्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड काढतात. म्हणजे थंड पांढऱ्या उजेडात नेमका डुकराला टोचणारा निळा भरपूर. आमच्या खाचरातही तसंच झालं. पांढरा झोत पडला की कळप एका दमात बांध ओलांडतो. मंद लालखाली चरणं चालू राहतं.

मग हिरवा कशाला द्यायचा, असं वाटेल. तो आपल्या डोळ्यासाठी आहे. माणसाचा डोळा उजेडात ५५५ ला आणि अंधारात ५०७ नॅनोमीटरला सगळ्यात तल्लख असतो, त्यामुळे तेवढ्याच सेलवर हिरवा कितीतरी लांबचं दाखवतो. लालाचं बलस्थान वेगळं. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यावर आला की ती सगळी तयारी वाया जाते. मंद लालाने ती फारशी मोडत नाही. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, बसून चहा ओतायचा, घड्याळ बघायचं, काठी शोधायची, सगळं लालात करावं.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले ती गोष्ट मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नाही. रंग निवडताना डुकराच्या डोळ्याइतकाच त्याच्यामागचा शिवार बघावा लागतो. भाद्रपदात भात हिरवंगार असतं. हिरवं पान लाल उजेड जवळजवळ गिळून टाकतं, त्यामुळे लाल झोतात अख्खं खाचर काळं दिसतं. डुक्करही काळं. काळ्यावर काळं, काय दिसणार? पीक सळसळतंय, कडाकडा चावल्याचा आवाज येतोय, आणि दिसत काहीच नाही. तिथेच हिरवा लावला की पानं उजळतात आणि मधे डुकराची काळी पाठ उठून दिसते. दिवाळीच्या सुमाराला उलटं होतं. भात पिवळं पडलेलं असतं, वाळकं पान आणि लोंबी लाल उजेड छान परत फेकतात, आणि मंद लालातही कळप मोजता येतो. पिल्लंसुद्धा दिसतात. म्हणून पीक हिरवं असेतो हिरवा, पिवळं झालं की लाल. मुगाच्या, वालाच्या, काकडीच्या शेतातही हाच हिशोब करावा. हिरवा लावायचा तर अगदी मंद, झोत जमिनीवरून हळूहळू वर आणायचा, बघितलं की बंद.

रंगापेक्षाही ते कडं महत्त्वाचं, हे माझं पक्कं मत झालंय. एकदम भसकन उजेड पडला तर लालालासुद्धा डुकरं मान वर करतात. या टॉर्चचं कडं अंगठ्याने फिरवता येतं, खाचा नाहीत, आवाज नाही. सगळ्यात खालच्या टोकाला उजेड इतका कमी की तळहातावर धरला तरच कळतो. तिथून वाढवत नेला की डुकरांना उजेड नेमका कधी आला ते उमगत नाही.

एक गुण कापला तो बटणासाठी. मागचं बटण दाबलं की टक् असा आवाज होतो, आणि रानाच्या शांततेत तो थेट खाचरापर्यंत जातो. दीर पहिल्याच रात्री म्हणाले, "वहिनी, बॅटरी बंदच करू नका, नुसतं कडं खाली फिरवून ठेवा." आम्ही तेच करतो, पण त्यात सेल थोडा थोडा जात राहतो. शिकारीसाठी म्हणून विकायची वस्तू, तिला असं बटण बसवायला नको होतं.

डोळे चमकण्याबद्दलही सांगते, कारण नवीन माणूस तिथेच फसतो. गाय, बैल, कुत्रा, कांडेचोर, भेकर, बिबट्या, या सगळ्यांच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, टॉर्च फिरवली की त्यांचे डोळे पेटल्यासारखे दिसतात. डुकराला तो पडदा नाही. डोळे दिसले नाहीत म्हणजे शेतात कुणी नाही असं समजून बांधावर उतरू नये. आधी कान, मग उजेड. उलट डोळे लखलखले, दोन्ही समोर रोखलेले आणि हलत नाहीत, तर ते डुक्कर नव्हे. माळ्यावरच थांबायचं आणि शेजारच्यांना हाक द्यायची. आमच्या भागात बिबट्या आहे, यात लपवण्यासारखं काही नाही.

चालताना मात्र फक्त पांढरा. लाल किंवा हिरव्या उजेडात मातीचा, पालापाचोळ्याचा आणि सापाच्या अंगाचा रंग एकमेकांत मिसळून जातो. घोणस, फुरसं, मण्यार, सगळी आमच्या बांधावर निघतात. डुकरं बुजतील म्हणून लाल उजेडात बांधावरून अनवाणी जाणारी माणसं मी बघितली आहेत, आणि मला ते पाहवत नाही. भात पुन्हा लावता येतं. पांढरा पायाशी धरायचा, पायात गमबूट, हातात काठी.

हाकलण्यासाठीही पांढराच, पण जपून. रोज रात्री तोच झोत मारला की डुकरं शिकतात. कोपऱ्यात जाऊन उभी राहतात आणि दिवा विझला की परत येतात. आम्ही आधी लालात ती कुठून आली आणि किती आहेत ते बघतो, मग पांढरा झोत, डबा आणि आरडाओरडा सगळं एकदम. रानाकडची वाट मोकळी ठेवायची. पिल्लांची मादी कोंडीत सापडली तर मुसंडी मारते, आणि तिच्या धडकेने माणूस आडवा होतो. आणि वारं आपल्या पाठीवरून त्यांच्याकडे वाहत असेल तर कुठलाच रंग कामाचा नाही, त्यांच्या नाकापुढे टॉर्चचं काही चालत नाही.

आता दुकानाबद्दल. याआधी दीरांच्या मुलाने एक टॉर्च ऑनलाइन मागवली होती. पांढरा दिवा आणि वर बसवायच्या लाल-हिरव्या काचा. काच बसवली की बहुतेक उजेड काचेतच अडतो आणि पुढे जेमतेम उरतो, म्हणून वेगवेगळे एलईडी असलेलीच घ्यावी. तिच्यासोबत आलेल्या सेलवर ९,९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं. या टॉर्चांत बसणारा १८६५० मापाचा चांगल्यात चांगला सेलही साधारण ३,५०० च्या वर जात नाही, त्यामुळे असा आकडा दिसला की सेल बनावट हे ओळखावं. वजनावरूनही कळतं, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हा हातात घेतला तरी पोकळ वाटत होता. मध्यरात्रीच्या आत तो विझायचा.

ठाण्याच्या दुकानात मालकांनी खोकं उघडायच्या आधी विचारलं, "ताई, हवी कशाला? ट्रेकला, गाडीत ठेवायला, की शेतावर?" शेतावर म्हटल्यावर ते मला पोटमाळ्यावर घेऊन गेले, दिवा घालवला आणि तिन्ही रंग लावून दाखवले. माझी काळी छत्री आणि बाजाराची हिरवी पिशवी त्यांनी शेजारी शेजारी धरली. लालात दोन्ही सारखीच काळी. हिरव्यात पिशवी उजळली, छत्री तशीच राहिली. दुपारच्या वेळी, खाली गिऱ्हाईक ताटकळत असताना, त्यांनी हे केलं. टॉर्च भर उजेडात काउंटरवर बघून घेण्यात अर्थ नाही, अंधारात दाखवणारं दुकान शोधा. सेल त्यांनी नावाजलेल्या कंपनीचा वेगळा दिला, त्याचं बिल वेगळं केलं, आणि टॉर्चला सहा महिन्यांची हमी लिहून दिली.

परतीच्या पावसात ती चिंब भिजली, तरी आत पाणी गेलं नाही. झाकणाच्या आट्यांवर रबराची चकती आहे, तिला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून ठेवा, म्हणजे ती वाळून तडकत नाही. मंद लालावर एक सेल रात्रभर पुरतो; पांढरा पूर्ण उजेडावर ठेवला तर दोन तासांत बसतो आणि टॉर्चचं डोकं हात लावू देणार नाही इतकं तापतं.

ठाण्याजवळच्या येऊरला रात्री प्राणी बघायला म्हणून कुणी ही घेणार असेल तर घेऊ नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, रात्री परवानगीशिवाय आत जायचं नसतं. शहापूर, मुरबाड, वाड्याकडे ज्यांची शेती आहे त्यांनी जरूर घ्यावी. मी आवणीच्या (भातलावणीच्या) आधी वरच्या माळ्यासाठी दुसरी घेणार आहे, आणि बटण आवाज न करणारं असलेला नमुना मिळतो का ते बघायला मालकांना सांगून ठेवलंय.