चिठ्ठी मीच लिहीत होते

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गावभागातल्या घरात माळ्यापर्यंत चढलं. आयर्विन पुलाजवळची पातळी तेव्हा 57 फुटांवर गेली होती. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला आलेल्यांत पांढऱ्या साड्यांतल्या चार बायका होत्या. खराटे त्यांचे, जेवणाचे डबेही त्यांचेच. सख्खी जाऊ फिरकली नाही, पण या आठ दिवस येत राहिल्या. नवव्या दिवशी एकीनं विचारलं, "ताई, गुरुवारी बैठकीला येताय का?" कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

बैठक एका मंगल कार्यालयात. दारात मोबाईल जमा करून टोकन घ्यायचं, 501 रुपये भरायचे, मग फॉर्म. घरात आजार, कर्ज, कोर्टकचेरी, मुलांची लग्नं, सगळ्याचे रकाने. दोन तास रांगेत बसले. शेजारची सेवेकरी बाई इतक्या मायेनं चौकशी करत होती की मी भडाभडा बोलत गेले. आत महाराज डोळे मिटून म्हणाले, "बाळ, दुकानातलं पाणी उतरलं, डोक्यावरचं नाही. थोरल्याचं ठरलेलं लग्न मोडलं ना?" मला हुंदका आवरेना.

पुढचं पटापट सांगते. गृहशुद्धी 5,100, ऋणमोचन अनुष्ठान 21,000, वर भारलेली हळद. हळदीच्या पेठेत राहून मी हळद विकत घेतली, तीही 1,100 रुपयांना मूठभर! करोनात बैठक मोबाईलवर आली, दक्षिणा मात्र थांबली नाही. आईच्या पाटल्या 'शुद्धीला' दिल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. पावती मागितली तर "पावती घेतली की पुण्य निम्मं होतं." गुण आला तर महाराजांची कृपा, नाही आला तर माझी श्रद्धा कमी पडली. पाटल्या सोडून दीड लाखाच्या वर गेले.

2022 च्या जूनमध्ये म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण गेले. आधी सगळे म्हणाले, सावकारी कर्जापायी आत्महत्या. मग पोलिसांनी गुप्तधनाच्या नादाला लावणाऱ्या मांत्रिकानं विष दिल्याचं सांगितलं. त्या गुरुवारी बैठकीत एकच सूर, "तो भोंदू. आपले महाराज तसले नव्हेत." मीसुद्धा मान डोलावली.

तोवर मला पांढरी साडी मिळाली होती. माझं काम म्हणजे नव्या बाईशेजारी बसायचं, मायेनं बोलायचं आणि तिच्या फॉर्ममागं दोन ओळी लिहून आत पाठवायचं. "महाराजांचा वेळ वाचतो." वर्षभर मी हे केलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एकदा तासगावकडची एक पोर आली. मी लिहिलं, 'दुसऱ्यांदा दिवस राहून गेले. सासूला सांगितलेलं नाही.' दहा मिनिटांनी ती थरथरत बाहेर आली, माझे दोन्ही हात धरले. "काकू, सासूचंसुद्धा कळलं हो त्यांना!" माझ्या बोटाला अजून पेनची निळी शाई होती.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, 2013 सालीच झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे त्यात. मला तो कुणी दुसऱ्यानं सांगावा लागला. तक्रार द्यायला गेले तेव्हा पाटल्यांचा नि रोख पैशांचा काही पुरावा नव्हता. एका सेवेकऱ्याच्या खात्यावर गूगल पेनं टाकलेले 38,000 तेवढे दाखवता आले. तुमच्या घरचं कुणी अशा ठिकाणी जात असेल तर वाद घालत बसू नका. पैसे कुणाच्या नावावर जातात तेवढं बघा, मेसेज पुसू देऊ नका. आणि रांगेत शेजारी कोण बसतं, ते विचारा.

मी तिघींना तिथं नेलं होतं. दोघी माझ्याबरोबर बाहेर पडल्या. नणंद नाही पडली. दर गुरुवारी आमच्या दारावरून जाते, वर बघत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या अंगावर पांढरी साडी होती.