केए-२२ की एमएच-०९? सीमाभागात थेट मालकाकडून जुनी गाडी घेताना

बेळगावच्या शहापुरात एका घरासमोर केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी उभी आहे, मालक ४ लाख १० हजार म्हणतो. तेच मॉडेल, तेच साल, गडहिंग्लजला एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगमध्ये ३ लाख ४० हजारांना मिळतंय. सत्तर हजारांचा फरक. कुठली घ्यायची? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ओळखीच्या लोकांबरोबर गाड्या बघत फिरताना हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. माझा कल आधीच सांगतो: बहुतेकांनी इथल्या पासिंगची घ्यावी. पलीकडची गाडी वाईट असते असं मुळीच नाही. पण फसवणाऱ्याला लपायला दोन राज्यांच्या मधली जागा फार सोयीची पडते, आणि तिथं आपली माणसं अडकलेली मी पाहिली आहेत.

आधी त्या सत्तर हजारांचा हिशेब. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या नव्या गाडीला १४ टक्के आजीवन कर बसतो, वर उपकर. महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. एमएचची गाडी तुमच्या नावावर केए करायची तर कर्नाटकाचा कर नव्यानं भरावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नसतो, गाडी नवी असतानाच्या किमतीवरून काढतात. ७ लाखांच्या गाडीचे १४ टक्के म्हणजे ९८ हजार. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात घट मिळते, पण पाच वर्षांच्या गाडीला निम्म्याहून जास्तच भरावा लागतो. म्हणजे पन्नास हजारांच्या वर इथंच गेले. त्यात एजंट, कोल्हापूरच्या फेऱ्या, बुडालेले दिवस. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण गाडी घेताना तो पैसा हिशेबात धरू नका. फरक लाखाच्या पुढे असेल तरच पलीकडच्या गाडीचा विचार करावा, असं माझं मत आहे.

यावर विकणाऱ्याकडं एक उत्तर तयार असतं. "कशाला नाव बदलताय? चंदगडचे पाहुणे आहेत की तुमचे, त्यांच्या नावावर ठेवा आणि चालवा बिनधास्त." सीमेपलीकडचं शिनोळी बेळगावपासून अर्ध्या तासावर, रोज लोक ये-जा करतात, त्यामुळं हे पटतंही. कायद्यानं एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथं नोंद करावी लागते. ते एक झालं. त्याहून मोठी गोष्ट अपघाताची. गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या हातून काही झालं तर नोटीस त्या पाहुण्याच्या दारात जाणार. सत्तर हजारांसाठी नातं असं टांगून ठेवू नये.

हाच निकाल प्रामाणिक विक्रेता ओळखायलाही उपयोगी पडतो. ज्याला हा धोका माहीत आहे, तो स्वतःच म्हणतो, "आधी नाव बदलून घ्या." जो म्हणतो, "फॉर्मवर सह्या करून देतो, नाव सावकाश करा," त्याच्याशी बोलताना सावध राहा. ओपन फॉर्मचा धंदा असाच चालतो. मालकी बदलण्याच्या २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर पहिल्या मालकाची सही घेतलेली असते, गाडी तीन हात फिरते, आणि तुमच्यासमोर उभा असलेला माणूस कागदावर कुठंच नसतो. निपाणीच्या माझ्या एका मित्राला अशीच गाडी मिळाली होती. आरसीवरचा माणूस नोकरीला पुण्यात, त्याचा नंबर बंद, आणि ऑनलाइन अर्ज भरताना ओटीपी गेला कुणा अनोळखी एजंटाच्या मोबाइलवर. नाव बदलायला त्याला चौदा महिने लागले.

इथं दोन्ही गाड्यांची तुलना केली तर फरक लगेच कळतो. केए-२२च्या गाडीला एकच ऑफिस, एकच चकरा. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, आणि मालक शहापुरातच राहत असल्यामुळं एखादी सही राहिली तर संध्याकाळी चप्पल घालून त्याच्या घरी जाता येतं. एमएच-०९च्या गाडीला आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), मग इथलं सगळं. एनओसी ज्या आरटीओच्या नावानं काढली आहे तिथंच चालते. तुम्ही निपाणी किंवा चिक्कोडी भागात राहत असाल तर तुमचं पासिंग केए-२३, म्हणजे एनओसीही चिक्कोडीच्या नावानंच हवी. बेळगावच्या नावानं काढलेली घेऊन आलात तर पुन्हा कोल्हापूर. एनओसी विकणाऱ्यानं त्याच्या खर्चानं काढावी, त्याआधी बयाण्यापलीकडं एक रुपया देऊ नये.

कागद बघताना दोन्हीकडं नियम एकच. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका: मालकाचं नाव, विमा, फिटनेस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोजा. बँकेचं किंवा फायनान्सचं नाव दिसत असेल तर "कर्ज फिटलंय, फक्त काढायचं राहिलंय" यावर विश्वास ठेवू नका. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात द्या म्हणा. आरसी हरवली असं कुणी सांगितलं तर मी तिथून उठतो. आपल्याकडं गावोगाव पतसंस्था आणि सौहार्द संस्था आहेत, ओळखीत हातउसने देणारेही आहेत, आणि मूळ आरसी ठेवून पैसे उचललेले असू शकतात. तसला बोजा ॲपवर दिसेलच असं नाही. विकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या फोनवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो.

वडील वारले आणि मुलगा गाडी विकतोय, असंही खूपदा होतं. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. भाऊ-बहीण किती आहेत तेही विचारा, संकोच करू नका.

सौदा लिहून घेताना एक आपल्याच भागातली अडचण. स्टँप पेपरवरचा मजकूर बऱ्याचदा कन्नडमध्ये तयारच असतो, आणि "सगळं तेच ते असतंय, करा सही" म्हणत पुढं केला जातो. वाचता येत नसेल तर सही करू नका. कन्नड वाचणारा माणूस बरोबर न्या, नाहीतर दोघांना कळेल अशा भाषेत लिहा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, ताब्याची तारीख आणि वेळ असू द्या. वेळ अशासाठी, की सकाळच्या चलनाचा वाद दुपारी होऊ नये.

आता गाडी. इथं एमएच-०९ आणि एमएच-१०च्या बाबतीत मला एकच मोठी भीती आहे: पूर. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णेनं कोल्हापूर-सांगलीत गाड्या बुडवल्या. आपल्याकडं चिक्कोडी, अथणी, रायबागचा नदीकाठही सुटला नाही, तेव्हा केए-२३ असली म्हणून निर्धास्त होऊ नका. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यात मी भाच्यासाठी २०१८ची एक गाडी बघत होतो. बाहेरून अशी चकाचक, की भाचा मनात विकत घेऊनच बसला होता. आत अत्तराचा वास फार होता, तेवढंच मला खटकलं. मी चालकाच्या शेजारचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पहिला हातभर पट्टा काळाकुट्ट, नवा. शेवटच्या वीतभर भागात पिवळसर रेघ, आणि तिच्यावर बोट फिरवलं तर बारीक मऊ माती हाताला लागली. रोज वापरात एवढा पट्टा कधी बाहेर येतच नाही, म्हणून धुणाऱ्याच्या लक्षात राहिला नव्हता. मग सीट मागं सरकवून रुळाचे बोल्ट पाहिले, गंजलेले. स्टेपनी उचलली, तिच्या खड्ड्यातही तोच गाळ. मालक म्हणाला, "पाऊस आत आला होता एकदा." आम्ही चहा न घेता निघालो.

पुरातली गाडी लगेच बंद पडत नाही, हाच तिचा धोका. वायरिंगचे जोड आतून हिरवे पडत जातात, आणि सहा महिन्यांनी एके दिवशी एअरबॅगचा दिवा लागतो, मग सेंट्रल लॉक जातं, मग चालू गाडीत स्टेअरिंग जड होतं. मेकॅनिकलाही कारण सापडत नाही. म्हणून एमएचच्या गाडीला गालिचा उचलल्याशिवाय हो म्हणू नका, आणि कागदावर विम्याचा मोठा दावा झालाय का ते विमा कंपनीकडून काढायला मालकालाच सांगा.

मीटरचं दोन्हीकडं सारखंच. ४० हजार किलोमीटर सांगतात आणि क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत झालेलं असतं. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. २०१९च्या गाडीवर चारही टायर २०२३चे असतील आणि मीटर ३० हजार म्हणत असेल, तर आधीचे टायर कशानं झिजले ते विचारा. सर्व्हिसची बिलं मागा. इथल्या गाडीची सर्व्हिस बहुधा बेळगावातच झालेली असते, त्यामुळं वर्कशॉपमध्ये जाऊन पडताळता येते. हा केए-२२चा मोठा फायदा आहे आणि कुणी तो धरतच नाही.

गोव्याच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. चोर्ला घाटातून स्वस्त गाड्या येतात, कर आणि एनओसीचा प्रश्न एमएचसारखाच. वर खाऱ्या हवेचा गंज, आणि काळ्या पाटीवर भाड्यानं फिरून नंतर खासगी केलेली गाडी असण्याची शक्यता. गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि तिसरी गाडी, जी नसतेच. मोबाइलवर जाहिरात दिसते, किंमत बाजारभावाच्या निम्मी, मालक म्हणतो, "मी फौजेत आहे, बदली झालीय, गाडी कॅम्पात उभी आहे." मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात, घराघरांत कुणीतरी फौजी, त्यामुळं वर्दीतला फोटो पाहिला की आपली माणसं विरघळतात. मग ओळखपत्राचा फोटो येतो, गेटपाससाठी पाच हजार, वाहतुकीसाठी आठ हजार, "डिलिव्हरी झाली की परत". आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांचे असे २१ हजार गेले, आणि त्यांना पैशापेक्षा फौजीच्या नावावर फसलो याचं दुःख जास्त होतं. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, चेसिस नंबरवर हात ठेवल्याशिवाय बयाणा नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमचेच जातात. गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लावा, पहिले तास फार मोलाचे असतात.

तर शहापूरची की गडहिंग्लजची? पहिल्यांदाच गाडी घेणारे असाल, नोकरीमुळं रजा मिळत नसेल, कोल्हापुरात ओळखीचं कुणी नसेल, तर शहापूरची घ्या आणि ३ लाख ९० पर्यंत घासाघीस करा. फरक लाखाच्या पुढे असेल, मालक पहिलाच असेल, एनओसी तो स्वतः काढून देत असेल आणि गालिच्याखाली कोरडं असेल, तर गडहिंग्लजला जायला हरकत नाही.

पैसे मात्र कुठल्याही गाडीला बँकेतूनच द्या, आरसीवर जे नाव आहे त्याच नावाच्या खात्यात. एकाच माणसाला एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, हे विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. आणि चावी घेतलीत की १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्या. समोरच्याच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमच्याकडं येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावानं मंजूर होत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याचाच राहतो, त्यामुळं हप्त्यातला फरक भरावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.