मान्नाचं पोतं ९९ रुपयांत! रानातल्या प्रवासाचा गेम, काही महिने वापरल्यावर

सगळ्यात आधी तक्रार, कारण ती डोक्यातून जातच नाही. मोशे इस्राएल लोकांना मिसरातून काढून रानातून नेतो, त्या बायबलमधल्या प्रवासावरचा हा कॉम्प्युटर गेम. त्यात मान्ना, म्हणजे देवाने त्यांना रानात रोज दिलेलं अन्न, विकत मिळतो. पडद्याच्या कोपऱ्यात पिशवीचं चित्र आहे, त्यावर क्लिक केलं की दुकान उघडतं आणि ९९ रुपयांत ‘मान्नाचं पोतं’ हजर. बायबलमधल्या निर्गमाचा सोळावा अध्याय ज्यांनी एकदा जरी वाचला असेल त्यांना ह्यात काय खटकतं ते सांगायला नको. ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही, असं ते अन्न. पहाटे रानात फुकट पडणारं. त्याला ह्यांनी दर लावला, आणि वर सणासुदीला सूट देतात.

गेमचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. संडे स्कूल घेणाऱ्यांना एव्हाना ओळखू आलाच असेल. किती लेव्हल, कुठल्या विंडोजवर चालतो, ते सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. आमची गोव्यात वास्कोतली मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहानशी आहे. बंदरात, शिपयार्डात, रेल्वेत नोकरीला म्हणून नगर-सोलापूरकडून आलेल्यांची दुसरी-तिसरी पिढी. पोरं शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कोकणी-हिंदी आणि घरी रागावून घेताना मराठी. गेमचे वर्षाचे १,४९९ रुपये, तेही एका मशीनपुरते. हे पैसे कापणीच्या सणाला भोपळे, नारळ, केळीचे घड लिलावात काढून जमवलेले. मी दिवसभर एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात बिलं तपासते, त्यामुळे चौदाशे नव्याण्णवचा हिशोब मला विसरता येत नाही.

आता मजा अशी की मान्नाची लेव्हल हीच ह्या गेममधली सगळ्यात जीव ओतून केलेली गोष्ट आहे. म्हणून तर पोत्याचा राग जास्त.

दव उडून जातं आणि जमिनीवर बारीक पांढरे दाणे राहतात. तुमच्या तंबूत माणसं किती ते आधी दाखवतात आणि दर माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, एवढंच गोळा करायचं असतं. ऊन चढलं की उरलेले दाणे वितळायला लागतात. इथपर्यंत कुठलाही गेम येईल. पुढचं बघा. तुम्ही जास्तीचं तंबूत लपवून ठेवू शकता, गेम अडवत नाही, ओरडत नाही, गुण कापत नाही. पण पुढच्या तारखेला गेम उघडून मडक्याचं झाकण काढलं की आत वळवळ आणि वर माश्या. आमच्या एका पोराने रविवारी मडकं गच्च भरून ठेवलं होतं. पुढच्या रविवारी त्याने झाकण काढलं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या पोरांनी नाकं धरली. पडद्याला वास येत नाही, तरी धरली.

हा धडा मी फ्लॅनेल बोर्डावर, म्हणजे कापडी फळ्यावर चित्रं चिकटवून, कित्येक वर्षं शिकवला आहे. पोरं मान डोलवायची आणि घरी जायची. आपल्याकडे पोदेर रोज सकाळी भोंगा वाजवत पाव घेऊन येतो, उद्याचा पाव आज कोण घेतं, असंही सांगून बघितलं. तेवढ्यापुरतं पटायचं. मडक्यातले किडे मात्र पक्के बसले.

आणि आता ते पोतं. पहिलं पोतं भेट म्हणून फुकट देतात, चटक लागावी म्हणून. ते कुजत नाही. आज ठेवा, महिन्याने उघडा, पांढरंशुभ्र. एका सातवीतल्या मुलीने लगेच विचारलं, “टीचर, विकतचा मान्ना का नाही कुजत?” मी उत्तर शोधतेय तोवर दुसरा म्हणाला, कराराच्या कोशापुढे ठेवलेला एक ओमरसुद्धा नव्हता कुजला. पोरगं वाचून आलं होतं! बरोबरच आहे, पुढच्या पिढ्यांना दाखवायला मोशेच्या भावाने, अहरोनाने, भांड्यात एक ओमर भरून ठेवला होता. पण तो दाखवायला होता, खायला नाही. ह्यांचं पोतं खायचं असतं, त्यावर ‘शक्ती’ वाढते. पंधरा मिनिटं त्यावरच वाद झाला. वर्ग म्हणून बघितलं तर उत्तम वर्ग झाला, पण त्याचं श्रेय मी कंपनीला देणार नाही.

दुकान बंद करता येईल का, असं कस्टमर केअरला विचारलं. उत्तर आलं, पालकांचं लॉक लावा. लावलं. आता क्लिक केलं की पासवर्ड मागतो, पण पिशवीचं चित्र तिथेच आहे, आणि थोड्या थोड्या वेळाने चमकतं. लहान पोरांचं बोट तिकडेच जातं. पुन्हा लिहिलं की चित्रच काढा. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

बाकीच्या लेव्हल भराभर सांगते. तांबडा समुद्र म्हणजे नुसती पळापळ, देखणी पण डोक्याला काम नाही. मारा नावाच्या जागेचं कडू पाणी ठीक, योग्य झाड शोधून पाण्यात टाकायचं. एलीममध्ये बारा झरे बरोबर आहेत, खजुरीची झाडं सत्तर पाहिजेत ती नाहीत. आमच्या पोरांनी मोजली. लावे पक्षी पकडायची लेव्हल मी वगळते. सोन्याच्या वासरात नाचगाणं फार आणि मोशेचा राग अगदीच कमी.

मिसरातल्या जेवणाची कुरकुर मात्र छान जमली आहे. बायबलच्या गणना पुस्तकातली ती यादी, मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, एकेक चित्र पडद्यावर तरंगत येतं आणि लोकांचे चेहरे उतरत जातात. आम्ही ती खेळलो तेव्हा मासेमारी बंद होती. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बाहेर जात नाहीत, बाजारात जे येतं त्याचे भाव ऐकूनच माणूस परत फिरतो. माशाचं चित्र आलं आणि अख्खा वर्ग एका सुरात हळहळला. इस्राएल लोकांची बाजू इतक्या मनापासून घेतलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

रफीदीमची लढाई तीन जणांनी खेळायची. मोशेचे हात वर असले की इस्राएलांच्या सेनापतीची, यहोशवाची सरशी, खाली आले की अमालेकींची. म्हणून एकाने डाव्या हाताचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने उजव्याचं, तिसऱ्याने यहोशवा चालवायचा. कल्पना फार सुंदर. पण आमच्या स्वस्त कीबोर्डला दोन बटणं दाबलेली असताना तिसरं कळतच नाही. अहरोन आणि हूर इमानेइतबारे मोशेचे हात धरून बसलेत आणि यहोशवा रणांगणात पुतळ्यासारखा उभा. ऑफिसच्या भंगारातून एक जुना यूएसबी कीबोर्ड आणून जोडला, तेव्हा चाललं. खर्च शून्य. मग बोटं दुखायला लागली तशी पोरं पाळीपाळीने एकमेकांच्या बोटावर बोट ठेवून जागा बदलू लागली, बटण एकदाही न सोडता. हे कोणी शिकवलं नव्हतं. नंतर एकाने अहरोनाच्या जागी बटणावर फळ्याचा डस्टर ठेवला आणि स्वतः चिक्की खायला गेला, ते सोडा.

आता मुख्य बिघाड. जुलैच्या एका वादळी आठवड्यात वीज सारखी जात-येत होती. त्यानंतरच्या रविवारी मान्ना पडलाच नाही. दव उडालं, जमीन रिकामी. बंद करून पुन्हा उघडलं, तेच. पुढच्या रविवारीही तेच. पोरं टोपल्या घेऊन रानभर हिंडताहेत आणि दाणा नाही. मी तेव्हाच ह्या गेमला दोन स्टार द्यायचे असं ठरवून अर्धा मजकूर लिहूनही ठेवला होता.

कस्टमर केअरशी झालेलं सगळं इथे उतरवत नाही, वाचणाऱ्याचा अंत पाहील. सारांश असा: गेम काढून पुन्हा टाका. टाकला. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. हॉलवर इंटरनेट नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोही केला, माझा त्या दिवसाचा डेटा त्यातच संपला. मग म्हणे मशीन जुनं आहे, नवीन घ्या. एक कोड लिहिणारा माणूस सोडा, ज्याने हा गेम एकदा तरी खेळलाय असा माणूस त्या फोनवर मला भेटला नाही.

शेवटी मंडळीतले एक काका, शिपयार्डातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, “ताई, आज कुठला वार?” मी म्हटलं रविवार. त्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. १ जानेवारी २०११. त्यांनी क्लिक करून कॅलेंडर उघडलं. शनिवार.

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की वीज गेल्यावर तारीख मशीनच्या मूळ तारखेवर जाऊन बसते. आमच्या मशीनची ती तारीख नेमकी शनिवारी पडते आणि गेम वार ठरवतो कॉम्प्युटरच्या घड्याळावरून. म्हणजे आमच्याकडे मशीन चालू केलं की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, कायमचा. सातव्या दिवशी मान्ना पडत नाही. निर्गमात तर लिहिलंच आहे की काही लोक सातव्या दिवशीही गोळा करायला बाहेर गेले आणि त्यांना काही मिळालं नाही. आमची पोरं तेच करत होती. सेल चाळीस रुपयांना मिळाला, काकांनी तिथल्या तिथे बसवला, आणि मान्ना पडू लागला.

इथे माझं मत बदललं. गेम वार पाळतो ही गोष्ट माहितीपत्रकात नाही, मदतीच्या पानावर नाही, त्यांच्या फोनवरच्या माणसालाही ठाऊक नाही. पण कोणीतरी मन लावून ती केली आहे. फक्त एक गोम आहे. संडे स्कूल भरतं रविवारी. त्यामुळे शब्बाथसाठी आदल्या दिवशी, शुक्रवारी पडणारा दुप्पट मान्ना आणि शनिवारची रिकामी जमीन हे दोन्ही रविवारच्या पोरांना जन्मात दिसलं नसतं. सेल संपला नसता तर मलाही कळलं नसतं.

आता मी वर्गाआधी तारीख मुद्दाम मागे नेते. आधी शुक्रवार लावते, दुप्पट पडतो, दोन ओमर भरायला सांगते. पोरं घाबरतात, कुजेल म्हणतात. मग गेम बंद, तारीख शनिवारची, गेम पुन्हा चालू. झाकण काढताना सगळे श्वास रोखून. कालचा मान्ना निर्गमात म्हटल्यासारखा, धण्यासारखा आणि पांढरा, किडा नाही, वास नाही, आणि बाहेर जमीन रिकामी. एका छोटीने विचारलं, मग आज काय करायचं? गेममध्ये खरंच काही करायला नसतं त्या दिवशी. लोक तंबूच्या दारात बसून असतात, एवढंच. मी खरे धणे घरून डबीत घालून नेते, ते हातावर घेऊन आम्हीही बसून राहतो. माझ्या मते इतका धीट निर्णय दुसऱ्या कुठल्या गेममध्ये नसेल: एक पूर्ण दिवस खेळणाऱ्याला काहीच करू न देणं.

(ह्या कथांवरचे गेम नवे नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या विझडम ट्रीने निन्टेंडोसाठी ‘एक्झोडस’ काढला होता, त्यात मोशे चालता चालता इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरं झाडतो. त्या मानाने आपण बरेच पुढे आलो.)

आणि शनिवारी दुकान उघडंच असतं. तपासून पाहिलं. जमिनीवर दाणा नाही, आणि कोपऱ्यात पिशवी चमकतेय.

आणखी दोन गोष्टी. मराठी आवाज नाही. मराठीला मागणी नाही असं मला कळवण्यात आलं. इथे सालसेतमध्ये, राशोलला, १६१६ साली थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं आणि त्याच्या पहिल्या पुराणात मोशेची कथा मराठी ओव्यांत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीबाबाला मागणी दिसली होती. तूर्त मी आवाज बंद करते आणि शास्त्रातून मोठ्याने वाचते, ते इंग्रजी निवेदनापेक्षा बरं वाटतं.

दुसरी, कादेशचा खडक. पाण्यासाठी पहिल्या वेळी, रफीदीमला, मोशेला खडकावर काठी मारायला सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी, कादेशला, खडकाशी नुसतं बोलायला; त्याने तेव्हाही मारलं. गेममध्ये दोन्ही वेळा एकच बटण, काठीचं. बोलायची सोयच नाही. मग त्यापायी मोशेला वचनदत्त देशात जाता आलं नाही की पोरं माझ्यावर चिडतात, “दुसरं बटणच नव्हतं ना टीचर!” त्यांचं चूक नाही.

घ्यावा का? वर्ग लहान असेल, मशीन एकच असेल आणि शिकवणारं माणूस बाजूला बसणार असेल तर घ्या. पोरांच्या हातात देऊन उपासनेला जाऊन बसायचं असेल तर घेऊ नका, पंधरा मिनिटांत पोत्यापर्यंत पोचतील. घरच्या फोनवर टाकू नका, तिथे यूपीआय जोडलेलं असतं. दुसरा कीबोर्ड कुठूनही फुकट मिळवा. मशीन जुनं असेल तर सेल आधी बदलून घ्या आणि तारीख बघून मगच कस्टमर केअरला फोन करा.

साडेतीन स्टार. मान्ना पडत नाही ह्या माझ्या तक्रारीची स्थिती त्यांच्या साइटवर अजून ‘प्रक्रियेत’ अशीच आहे. मी ती मागे घेतलेली नाही. कोणीतरी कधीतरी वाचेल आणि निदान वार विचारायला शिकेल.