झाडाचा शेजार : ‘माय नेबर टोटोरो’

हायाओ मियाझाकी यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘माय नेबर टोटोरो’ हा स्टुडिओ जिब्ली या जपानी स्टुडिओचा अ‍ॅनिमेशन चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या युद्धकाळातील अत्यंत करुण चित्रपटाला जोडून दाखवला गेला होता. तिकीटबारीवर त्याला बेताचेच यश मिळाले. पुढे दूरचित्रवाणीवरून तो घरोघरी पोहोचला आणि त्यातल्या टोटोरो या करड्या, केसाळ, ढेरपोट्या प्राण्याने स्टुडिओच्या बोधचिन्हातच कायमची जागा मिळवली. २०२० पासून चित्रपट नेटफ्लिक्सवर आला असून भारतातही पाहता येतो. अवघ्या ८६ मिनिटांचा हा चित्रपट कोकणातल्या घरांत, शक्यतो पावसाळ्यातच आणि मुलांना घेऊन पाहावा, अशी माझी शिफारस आहे.

कथा सांगायला बसले तर चार वाक्यांत संपते. १९५०च्या दशकातील जपानमध्ये, तोक्योच्या जवळच्या एका खेडेगावात, सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर एका जुन्या, मोडकळीला आलेल्या घरात राहायला येतात. वडील विद्यापीठात शिकवतात. आई रुग्णालयात दीर्घ आजाराने पडून आहे, आणि तिला तिथून जवळ पडावे म्हणूनच हे घर घेतलेले आहे. घरामागे एक प्रचंड कापराचे झाड आहे आणि त्या झाडात टोटोरो राहतो. चित्रपटात खलनायक नाही, युद्ध नाही, शोधायचा खजिना नाही, आणि ज्याच्या नावाने चित्रपट ओळखला जातो तो टोटोरोसुद्धा जवळजवळ अर्धा तास पडद्यावर येत नाही.

हा अर्धा तास अनेकांना संथ वाटतो. मला मात्र चित्रपटाचे सारे बळ त्यातच दिसते. मियाझाकी आधी घर दाखवतात. किडलेला खांब हलवून पाहणाऱ्या मुली, वर्षानुवर्षे बंद असलेल्या खोलीत उजेड शिरताच भिंतींच्या फटींत पळून जाणारे काजळीचे काळे गोळे, धुऊन पुसून लख्ख केलेली लाकडी जमीन, हे सारे इतक्या निगुतीने येते की प्रेक्षक त्या घरात राहायलाच जातो. अंगणातला हातपंप कोरडा पडलेला असतो. सात्सुकी धावत ओढ्यावर जाऊन बादलीभर पाणी आणते, ते पंपात ओतले जाते आणि मग दांडा हापसून हापसून आधी गढूळ आणि मागाहून स्वच्छ पाणी येते. मोटरने एअर धरली की बागायतीत काय करावे लागते हे ठाऊक असलेल्या आमच्याकडच्या मुलांनी हे दृश्य फार आपुलकीने पाहिले. ‘पाणी घाल, वरून पाणी घाल’ असे त्यांनी पडद्याला सांगूनही टाकले. पुढे एका सकाळी सात्सुकी सगळ्यांचे डबे भरते, तेव्हा त्यात भात, खारवलेले आंबट फळ आणि बाजूला सुकी मासळी असते. हा डबा आपल्याकडल्या पेजेपासून आणि सुक्या बांगड्यापासून फारसा दूर नाही. पंप, डबा, भिजलेली छत्री इतक्या खरेपणाने दाखवल्यामुळे, त्याच हाताने काढलेल्या बारा पायांच्या मांजर-बसवर शंका घ्यावी असे मनातही येत नाही.

कोकणात हा चित्रपट वेगळा का पाहिला जातो, याचे उत्तर त्या झाडापाशी आहे. झाडाच्या बुंध्याला जाड दोर बांधलेला आहे आणि जवळच एक लहानसे देऊळ आहे. धाकटी मेई झुडपांच्या बोगद्यातून रांगत जाऊन झाडाच्या पोकळीत पडते, झोपलेल्या टोटोरोच्या पोटावर चढते आणि तिथेच झोपी जाते. जाग आल्यावर पुन्हा तो रस्ता काही सापडत नाही. ती रडकुंडीला येते आणि आपण खोटे बोलत नसल्याचे परत परत सांगते. वडील तिच्यावर हसत नाहीत आणि तिचे म्हणणे पारखूनही घेत नाहीत. तू बहुधा या रानाच्या धन्याला भेटलीस, तो रोज भेटत नाही, असे सांगून ते दोघींना झाडापाशी नेतात आणि मेईचा सांभाळ केल्याबद्दल, यापुढेही लक्ष ठेवावे म्हणून झाडाला वाकून नमस्कार करतात. आमच्याबरोबर पाहायला बसलेल्या शेजारच्या आजींना जपानी येत नाही आणि इंग्रजी उपशीर्षकेही वाचता येत नाहीत, पण या ठिकाणी त्या अगदी सहज म्हणाल्या, ‘झाडाक हात जोडल्यान, बरा केल्यान.’

वाडीच्या कडेला देवराई आणि तिचा राखणदार असलेल्या गावात वाढलेल्या कोणालाही त्या नमस्काराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फरक आहे तो भीतीचा. आपल्याकडे राखणदाराची ओळख मुलांना बहुतेक वेळा धाकाच्या रूपाने होते : तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नको, पान तोडू नको, नाही तर नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे लागेल. या धाकाने पुष्कळ झाडे वाचली हे खरेच, आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. मियाझाकींचा टोटोरो मात्र धाक दाखवत नाही, तसाच तो नवसालाही पावत नाही. तो झोपतो, जांभई देतो, आरोळी ठोकतो. मुली भेटल्या तर त्याची हरकत नसते, न भेटल्या तरी त्याचे काही अडत नाही. त्याला मुलींसारखे बोलताही येत नाही. रानाच्या धन्याशी नाते जोडण्याची ही तऱ्हा आमच्या मुलांना नवी होती आणि ती त्यांनी विनातक्रार स्वीकारली.

आता पावसाविषयी. शाळेतून परतताना दोघी बहिणी पावसात सापडतात आणि वाटेवरच्या जिझोच्या, म्हणजे मुलांचा आणि वाटसरूंचा सांभाळ करणाऱ्या दैवताच्या, लहानशा छपराखाली थांबतात. थांबण्याआधी सात्सुकी त्या दैवताची रीतसर परवानगी मागते. शेजारचा कांता नावाचा मुलगा एक शब्द न बोलता आपली फाटकी छत्री तिच्या हातात कोंबतो आणि स्वतः भिजत पळून जातो. संध्याकाळी दोघी बहिणी आपल्या वडिलांची छत्री घेऊन बस थांब्यावर जातात, पण बस येते तिच्यातून वडील उतरत नाहीत. अंधार पडतो, थांब्यावरचा दिवा लागतो, मेईला पेंग येते म्हणून सात्सुकी तिला पाठीवर घेते आणि छत्री मान व खांदा यांच्यात धरून उभी राहते. मग छत्रीच्या कडेखालून तिला शेजारी येऊन उभे राहिलेले दोन मोठे, नखे असलेले पाय दिसतात. टोटोरोच्या डोक्यावर फक्त एक पान असते. सात्सुकी त्याला वडिलांची छत्री देते, ती कशी धरायची ते दाखवते, आणि वरच्या झाडावरून छत्रीवर टपकन पडलेल्या थेंबाचा आवाज ऐकून त्याचे डोळे विस्फारतात. आणखी थेंब, आणखी हर्ष. मग तो उंच उडी मारून धप्पकन जमिनीवर येतो आणि झाडांनी धरून ठेवलेले सगळे पाणी एका दमात खाली कोसळते.

या प्रसंगात संवाद अगदी थोडे आहेत, संगीतही जपून वापरलेले आहे, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. पागोळ्यांचा आवाज ऐकत एसटीची वाट पाहत उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या न घडण्याची किंमत कळेल. पावसाचे किती प्रकार इथे रेखाटले आहेत तेही पाहण्यासारखे आहे : सरळ पडणारा पाऊस, झाडावर अडून उशिराने टपकणारा पाऊस, चिखलात उडणारे थेंब. कझुओ ओगा यांच्या कलादिग्दर्शनाखाली रंगवलेली भातशेते, तांबूस मातीच्या वाटा आणि ओलसर हिरवाई पाहताना मृगानंतरच्या सिंधुदुर्गाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. जो हिसाइशी यांचे संगीत गोड आहे, सुरुवातीचे गाणे तर मुले लगेच गुणगुणू लागतात. पण गाजावाजा न करता थांबण्याची हिसाइशींची जाण मला अधिक मोलाची वाटली.

चित्रपटातली खरी भीती रुग्णालयातून येते. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी क्षयाने अनेक वर्षे आजारी होती, आणि तो काळ कसा असतो हे त्यांना आतून माहीत असल्याचे पदोपदी जाणवते. आईच्या घरी येण्याचा बेत लांबणीवर पडतो, समजूतदार समजली जाणारी सात्सुकी एका क्षणी मोकळेपणाने हंबरडा फोडते, आणि तिला तसे रडताना पाहून चार वर्षांची मेई मक्याचे एक कणीस छातीशी धरून एकटीच रुग्णालयाच्या दिशेने चालू लागते. तळ्यात एका लहान मुलीची चप्पल सापडते, सारा गाव गोळा होतो, शेजारची म्हातारी ती चप्पल हातात धरून देवाचे नाव घेत बसते. लहान प्रेक्षकांच्या जोडीला इथे मोठे माणूस असावे; आमच्याकडे दोघे जण माझ्या कुशीत शिरले. हा ताण ज्या झटक्यात सुटतो तो मला थोडा घाईचा वाटतो. तासभर इतक्या सावकाश चाललेल्या चित्रपटाने शेवटी आणखी चार मिनिटे घेतली असती तरी चालले असते. म्हातारीच्या व्यक्तिरेखेलाही अधिक वाव हवा होता.

ज्या परिसरावरून हे गाव सुचले, त्या साइतामा आणि तोक्यो यांच्या सीमेवरच्या सायामा टेकड्यांमध्ये १९९०च्या दशकापासून लोकवर्गणीतून रानाचे लहान लहान तुकडे विकत घेऊन राखले जात आहेत आणि त्यांना ‘टोटोरोचे रान’ असेच नाव दिलेले आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे तोडून काँक्रीटचा सभामंडप उभा करणाऱ्या आपल्या गावकमिट्यांना हा चित्रपट दाखवावा, असे मला अनेकदा वाटते. अर्थात त्या बैठका दीड तासात कधीच संपत नाहीत, ही अडचण आहेच.

पाहण्याविषयी थोडे व्यवहाराचे. इंग्रजी ध्वनिमुद्रण वाईट नाही, पण मूळ जपानी आवाजात मेईचे हट्ट आणि किंकाळ्या जितक्या खऱ्या लागतात तितक्या त्यात लागत नाहीत. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी एकाने शेजारी बसून मालवणीत किंवा मराठीत अधूनमधून सांगत जावे. संवाद थोडे आणि सोपे असल्याने त्याने फारसे बिघडत नाही. पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना तो नक्की झेपतो. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नसल्यामुळे आधीच डाउनलोड करून ठेवावा. आणि श्रेयनामावली सुरू झाली की टीव्ही बंद करू नये, कारण आई घरी परत येते ते कथेत दाखवलेले नाही, ते नावांच्या मागे सरकणाऱ्या चित्रांत आहे. आमच्याकडची अर्धी पोरे तोवर खळ्यात पळाली होती आणि आई बरी झाली की नाही यावरून त्यांच्यात वाद लागला होता. त्यांना परत बोलावून ती चित्रे दाखवावी लागली.