शनिवार संध्याकाळची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) की रविवारची पहिली? गायकवृंदात जायचं तर कुठल्या?

आमच्या वसईच्या पॅरिशमधून (धर्मग्रामातून) यंदा एका फादरांची बदली झाली, त्यांच्या जागी लगेच कोणी आलं नाही, आणि मग व्हायचं तेच झालं, मिस्सांच्या वेळा बदलल्या. आता शनिवारी संध्याकाळी सहा, रविवारी सकाळी साडेसहा आणि साडेआठ, बस्स. लोक ऑफिसवर नाराज आहेत, पण फादर तरी काय करणार, चर्चच्या कायद्यात कलम 905 आहे, एका धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करायची, धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने दोन, आणि रविवारी किंवा सणाला अगदीच गरज असेल तर तीन. त्यात एका फादरांना मिस्सेसाठी लांबच्या केंद्रावरही जावं लागतं.

तर कॉयरचे (गायकवृंदाचे) जुने ग्रूप मोडले, नवे होतायत, आणि शनिवारी जाऊ की सकाळी, हे जो तो विचारतोय. मी दोन्हीकडे कीबोर्ड वाजवलाय, गायलोही आहे, म्हणून लिहितो. तुमच्याकडे चित्र वेगळं असू शकतं.

शनिवारची बाजू तशी मजबूत आहे हे आधीच सांगतो. संध्याकाळी गळा मोकळा असतो, तरुण मुलं येतात, शुक्रवारची प्रॅक्टिस डोक्यात ताजी असते, आणि रविवार अख्खा सुटा. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, म्हणून वाचनं रविवारचीच, स्तोत्र रविवारचंच, तेव्हा तयारी काही वेगळी करावी लागत नाही. 2023 च्या नाताळात तर शनिवारवाले मजेत होते. 24 डिसेंबरला रविवार आला होता, म्हणजे सकाळी आगमन काळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) चौथा रविवार, गौरवगीत (ग्लोरिया) नाही, जांभळा झगा, आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा, गौरवगीत घंटानादासकट! रविवारवाल्यांनी एकाच दिवसात दोन काळ गायले, शनिवारवाले 23 लाच आगमन काळ उरकून मोकळे.

लोकलचा त्रास मात्र आहे. शनिवारी ज्यांना सुट्टी नाही त्यांनी चर्चगेटहून विरार गाडी पकडायची, वसईला उतरून रिक्षा शोधायची आणि सहाच्या आत वर गॅलरीत पोचायचं. आमचा टेनरचा (पुरुषांच्या वरच्या आवाजाचा) बाक प्रवेशगीताला नेहमी अर्धा रिकामा, अर्पणगीतापर्यंत भरतो. पण ह्याची सवय होते, माझं ह्यावरून काही बिनसलं नाही.

बिनसलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. शनिवारी दुपारी लग्नं असतात. लग्नवाल्यांचा स्वतःचा बँड येतो, ते मिक्सरची बटणं त्यांना हवी तशी फिरवतात, आमचा मॉनिटर (आपलाच आवाज ऐकायचा स्पीकर) कोपऱ्यात सरकवतात, आणि फोटो संपेपर्यंत देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) काही रिकामं होत नाही, त्यामुळे आपल्या हातात राहतात जेमतेम दहा मिनिटं, त्यात आवाज तपासायचा की शिट्ट्या मारणारा माइक आवरायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कीबोर्डचा ट्रान्सपोज, म्हणजे त्याच पट्ट्या दाबून सूर वर-खाली करायची सोय. आधीच्या माणसाने तो आपल्या गायिकेसाठी दोन सूर वर चढवलेला असतो आणि तसाच सोडून जेवायला गेलेला असतो. तुम्ही नेहमीच्या पट्टीत प्रवेशगीत सुरू करता, बोटं बरोबर, कानाला काहीतरी खटकतं पण नक्की काय ते कळत नाही, फादर वेदीकडे निघालेले असतात म्हणून थांबताही येत नाही, आणि धृपदाला सोप्रानो (वरच्या आवाजाची गायिका) मागे वळून तुमच्याकडे अशी बघते की विचारू नका. दुसऱ्या कडव्याला बायका गप्प, पुरुष खालच्या सप्तकात, लोकांनी तर पुस्तकं केव्हाच मिटलेली. साडेआठच्या मिस्सेलाही हेच, फक्त तिथे लग्नाच्या जागी साडेसहाचा ग्रूप असतो. त्यात एक गर्दी बाहेर पडतेय, दुसरी आत येतेय, पोरांच्या धर्मशिक्षणाची गडबड. साडेआठबद्दल एवढंच पुरे.

आता साडेसहा. रात्री सगळं बंद झालेलं असतं, सकाळी स्विच तुम्हीच दाबता, आणि बहुतेक कीबोर्ड बंद करून सुरू केले की ट्रान्सपोज शून्यावर येतो. देऊळ रिकामं, घंटेच्या आधी एक गाणं निवांत म्हणून बघता येतं. पावसाळ्यात लाइट गेली तर पेटी आहेच, पहाटेच्या शांततेत ती पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाते.

त्रास इथेही आहेत. गळा उघडलेला नसतो. तरुण येत नाहीत, येतात त्या म्हाताऱ्या, आणि त्या प्रत्येक ओळ ओढतात, तुम्ही कितीही टेम्पो धरा, त्या त्यांच्याच चालीने जाणार. पण सगळी कडवी पाठ! पुस्तक न उघडता चारही कडवी म्हणतात. शनिवारी आमचं गाणं लोक ऐकतात, सकाळी लोक गातात आणि आम्ही साथ करतो, आणि माझ्या मते तरी कॉयरचं काम हेच आहे.

फादरांना केंद्रावर जायची घाई असते म्हणून गाणी कमी करा असा निरोप येतो, तेव्हा हिरमुसू नका. 1967 च्या ‘मुसिकाम साक्राम’ या चर्चसंगीताबद्दलच्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात क्रमच दिलाय की आधी काय गायचं: धर्मगुरू आणि लोकांचे संवाद, ‘पवित्र, पवित्र’, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ हे पहिल्या पायरीवर, गौरवगीत आणि ‘देवाच्या कोकरा’ दुसऱ्या, आणि प्रवेशगीत, कम्युनियनचं गीत वगैरे तिसऱ्या. आपण नेमकं उलटं करतो, प्रवेशगीताची पाच कडवी म्हणतो आणि ‘पवित्र, पवित्र’ नुसतं बोलून मोकळे होतो. पहाटेच्या मिस्सेला कात्री प्रवेशगीताला लावा.

ज्यांची मुलं लहान आहेत किंवा ज्यांना चार आवाजांत बसवलेलं काही करायचंय त्यांनी खुशाल शनिवारी जावं, तिथे माणसंही जास्त मिळतील. मी सकाळी असतो. येणार असाल तर एकच सांगणं, शुक्रवारी काळी दोनमध्ये बसवलेलं गाणं रविवारी पहाटे पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली घ्या, आणि वरचा सूर असेल तिथे म्हाताऱ्यांच्या पुढे जायची घाई करू नका.