बफेलो सेबर्स: मॅच बघायला जरूर जा, सीझन तिकीट मात्र विचार करून घ्या

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला मास्टर्स करायला आलेली आपली मुलं, किंवा टोरोंटोहून वीकेंडला इकडे उतरणारी मंडळी, सगळे हमखास विचारतात की इथली हॉकी, म्हणजे एनएचएल या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमधली सेबर्स ही टीम, बघण्यासारखी आहे का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. २०२४-२५ चा सीझन संपून आता २०२५ चा उन्हाळा लागलाय, राग थोडा उतरलाय, त्यामुळे आत्ताच लिहिलेलं बरं.

आधी स्टेडियमबद्दल. कीबँक सेंटर अगदी डाउनटाउनला पाण्याच्या काठी आहे, मेट्रोने गेलात तर मेन स्ट्रीटवर जमिनीवरून धावते त्या भागात तिकीटसुद्धा लागत नाही, त्यामुळे पार्किंगच्या फंदात पडूच नका. आत साधारण १९ हजार लोक बसतात. पहिल्यांदा जात असाल तर मॅचच्या तासभर आधी पोचा आणि वॉर्मअप चालू असताना खाली काचेपाशी जाऊन उभे राहा, हे तुमचं सीट वरच्या मजल्यावर असलं तरी करा. टीव्हीवर हॉकी बघून वेग कळतच नाही हो! सेबर्सचा टेज थॉम्पसन म्हणजे साडेसहा फूट उंच माणूस, गोलच्या डावीकडे बर्फावर आखलेल्या वर्तुळात उभा राहतो, पास आला की न थांबवता तसाच फटकावतो, आणि पक (रबराची चकती) काचेवर आदळला की जो आवाज होतो त्याने शेजारची लहान मुलं दचकून आईला चिकटतात आणि दुसऱ्या क्षणी परत काचेला नाक लावतात. गार हवा, बर्फावर ब्लेड घासल्याचा तो करकर आवाज, हे सगळं पैसे देऊन बघण्यासारखं आहे यात मला काडीचीही शंका नाही.

आता खरा मुद्दा, टीम. २०११ नंतर २०२४-२५ च्या सीझनपर्यंत सेबर्स एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, गेले नाहीत. सलग १४ सीझन, एनएचएलच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमने काढलेला नाही. आणि ३२ पैकी १६ टीम प्लेऑफला जातात, म्हणजे अर्ध्या! नुसतं नाणं उडवून ठरवलं असतं तरी सलग १४ वेळा उलटं पडायची शक्यता सोळा हजारात एक आहे. त्यामुळे "नशीब वाईट" हे कारण आता कोणी सांगू नये, मला ते ऐकवत नाही.

२०२४-२५ चंच बघा. सुरुवात प्रागला न्यू जर्सीविरुद्ध दोन मॅच हरून झाली, मग जरा सावरले, नोव्हेंबरच्या शेवटाला वाटायला लागलं की या वर्षी काहीतरी होईल, आणि तिथून सलग १३ मॅच जिंकलेच नाहीत. ३ डिसेंबरला कोलोरॅडोविरुद्ध ४-० अशी आघाडी होती, ती घालवून ५-४ ने हरले. मी होते त्या मॅचला, वरच्या ३०० लेव्हलला. माझ्या मागे सेबर्सचा जुना स्टार गिल्बर्ट पेरो याची ११ नंबरची जुनी जर्सी घातलेले एक आजोबा आणि एक पंचविशीतला मुलगा असे दोघं बसले होते, आणि चौथा गोल खाल्ल्यावर त्यांची जी जुंपली ती अख्ख्या शहरात जी चर्चा चालते तीच होती. आजोबांचं म्हणणं, पोरांमध्ये दम नाही, आघाडी घेतली की सुस्तावतात, पूर्वीच्या टीममध्ये कोणी गोलकीपरला धक्का मारला तर पाच जण धावून जायचे. मुलाचं म्हणणं, आजोबा, खेळाडू दर दोन वर्षांनी बदलतायत तरी निकाल तोच लागतोय, मग जे बदलत नाही तिकडे बघा ना, मालकाकडे बघा.

मला त्या मुलाचं पटतं. ज्यांनी इथून गेल्यावर स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला त्यांची नावं बघा. रायन ओ'रायलीला २०१८ मध्ये सेंट लुईसला दिलं, त्याने २०१९ ला कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. जॅक आयकेल इथे कॅप्टन होता, मानेच्या दुखापतीवर कुठलं ऑपरेशन करायचं यावरून क्लबशी त्याचं बिनसलं, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला वेगासला पाठवलं, २०२३ ला कप. सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला गेला, २०२४ च्या फायनलच्या सातव्या मॅचमध्ये निर्णायक गोल त्याचाच, आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटच्या मॅचला एकट्याने चार गोल मारून दुसरा कप. कप नाही, पण लिनस उलमार्क बॉस्टनला जाऊन २०२३ चा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. हीच माणसं इथे होती तेव्हा म्हणायचे यांच्यात जिंकायची वृत्तीच नाही! मग वृत्ती काय विमानात बसल्यावर आली का? आजोबांच्या मुद्द्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

टेरी पेगुला यांनी २०११ च्या फेब्रुवारीत टीम घेतली. नॅचरल गॅसमधून पैसा कमावलेला माणूस, स्वतः सेबर्सचा जुना फॅन, आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगितलं की आजपासून या टीमच्या अस्तित्वाचं कारण स्टॅन्ली कप जिंकणं हेच असेल. लोकांच्या डोळ्यात पाणी आलं होतं म्हणतात, आणि ते खोटं वाटत नाही, कारण १९७० पासून टीम आहे आणि कप एकदाही आलेला नाही, १९७५ आणि १९९९ ला फायनलपर्यंत जाऊन परत आले. अपेक्षा फॅन लोकांनी वाढवली नाही, मालकांनी स्वतःच्या तोंडाने वाढवली, हे विसरून चालणार नाही. २०२५ पर्यंत फॅन काय मागत होते? कप नाही, नुसतं प्लेऑफ मागत होते. एप्रिलमध्ये घरच्या रिंकवर दोन मॅच बघायला मिळाव्यात एवढंच.

आता मालकांची बाजू घेणारे एक जोरदार मुद्दा काढतात आणि तो खोडून काढायला हवा. ते म्हणतात, बिल्स ही इथली अमेरिकन फुटबॉल टीमसुद्धा याच पेगुलांनी २०१४ मध्ये घेतली, तिचाही १७ वर्षांचा दुष्काळ होता, तो संपला आणि आता ती दरवर्षी प्लेऑफ खेळते, मग मालक वाईट कसा? अहो, पण उत्तर तिथेच आहे! बिल्समध्ये २०१७ ला कोच शॉन मॅकडरमॉट आणि जीएम (जनरल मॅनेजर, खेळाडू निवडणारा प्रमुख) ब्रँडन बीन आणले आणि आठ वर्षं त्यांना हात लावला नाही. हॉकीत काय केलं? २०१३ ला कोच लिंडी रफ यांना काढल्यापासून रोलस्टन, नोलन, बाइल्स्मा, हाउसली, क्रूगर, ग्रॅनॅटो, आणि २०२४ ला फिरून परत रफ. दर वेळी नवीन कोच, नवीन पद्धत, ये रे माझ्या मागल्या. २०२० च्या जूनमध्ये तर जीएमबरोबर स्काउट वगैरे मिळून वीसेक माणसं एका दिवसात घरी पाठवली आणि जीएमची खुर्ची केव्हिन अ‍ॅडम्सना दिली, ज्यांनी हे काम आधी कधीच केलं नव्हतं. त्यांना पाच वर्षं दिली हे खरं, पण मुरलेले खेळाडू आणायला हात आखडता घेतला, तरुण पोरांवर सगळा भार. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅडम्स म्हणाले की आमच्याकडे पामची झाडं नाहीत, न्यूयॉर्कचे टॅक्स आहेत, म्हणून खेळाडू यायला तयार होत नाहीत, आणि पुढच्या मॅचला लोक प्लास्टिकचे फुगवलेले पाम घेऊन आले. मला ते वाक्य फार लागलं. हे शहर थंड आहे, बर्फ पडतो, पण इथली माणसं हरणाऱ्या टीमसाठी त्या बर्फातून येतात, आणि त्यांच्या तोंडावर असं बोलायचं?

खेळाडूंना मी पूर्ण माफ करत नाही. डाहलिन कॅप्टन म्हणून जीव तोडून खेळतो, थॉम्पसनने २०२४-२५ ला ४४ गोल मारले, या दोघांबद्दल तक्रार नाही. पण बचाव ढिसाळ आहे, स्वतःच्या गोलसमोर उभ्या असलेल्या माणसाला कोणी हटवत नाही, ओवेन पॉवरसारख्या, तरुण खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या नंबरवर निवडलेल्या मुलाकडून यात जास्त अपेक्षा आहे. आणि पेटरकाने ६८ पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले तर त्याला २०२५ च्या जूनमध्ये यूटाला देऊन टाकला. गुणतक्त्यात ७९ गुणांवर सीझन संपलेल्या टीमने गोल करणारा माणूस सोडायचा, यावर आमच्याकडे घरात अजून वाद चालू आहे, नवरा म्हणतो त्याच्या बदल्यात मजबूत बचाव मिळाला, मी म्हणते गोल कोण मारणार.

तर पैसे वसूल होतात का? एका मॅचचे होतात, नक्की होतात. लहान मुलांना घेऊन जा, मधल्या वारी मॅच बघा, तिकीट बरंच स्वस्त पडतं, आणि ३०० लेव्हलला गोलच्या मागची सीट घ्या, पण त्या बाजूची जिथे पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला सेबर्स चाल करतात, कारण वरून अख्खी चाल उलगडताना दिसते. टोरोंटो मेपल लीफ्सची मॅच पहिल्यांदा जाणाऱ्याने टाळावी, अर्धं स्टेडियम निळं असतं आणि भावही चढलेले असतात. जॅकेट आतही लागतं. पूर्ण सीझनचं तिकीट मात्र सध्या नको, ते पैसे आगाऊ भरायचे म्हणजे मालकांना सांगायचं की असंच चालू द्या, आणि ते मी सांगणार नाही. आम्ही यंदा सीझनऐवजी सुट्या मॅच घेणार आहोत. स्टेडियमला पाचपैकी साडेचार, फॅन लोकांना पाच, टीमला दोन, मालकांना एक.