जे-पॅल: विद्यार्थी आणि संशोधकांच्या पदरात नेमकं काय पडतं?

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी 2003 मध्ये एमआयटीत सुरू केलेल्या जे-पॅल या गरिबी संशोधन केंद्राची सगळ्यात दमदार गोष्ट फुकटात मिळते: ऑनलाइन अभ्यासक्रम. मायक्रोमास्टर्स या मास्टर्सच्या पातळीवरच्या प्रमाणपत्र कार्यक्रमाचे कोर्स नुसते शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच फी, तीही उत्पन्न बघून ठरते. डेटा विश्लेषणाचा कोर्स ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेत आहे, पण गाडी अडते ती कोडिंगपाशी नाही, संभाव्यतेपाशी. इंटिग्रेशन विसरलेल्यांनी आधी त्याची उजळणी करावी. प्रमाणपत्र मिळालं की एमआयटीच्या संबंधित मास्टर्सला अर्ज करता येतो आणि त्यासाठी पदवी हवीच अशी अट नाही. जागा मात्र मोजक्याच.

नोकरीच्या दृष्टीने रिसर्च असोसिएटचं पद जास्त कामाचं. स्टाटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) किंवा आर चांगलं यायला हवं, आणि क्षेत्रकाम असेल तिथे स्थानिक भाषाही. निवडीसाठीच्या डेटा चाचणीत गणितापेक्षा शिस्त कमी पडते. कुटुंबांची आणि व्यक्तींची फाइल जोडताना ‘मेनी-टू-मेनी’ मर्ज (अनेक ओळी अनेक ओळींशी जोडणारी आज्ञा) वापरला, तर स्टाटा हूं की चूं न करता भलत्याच ओळी जोडून देतं. न जुळलेल्या नोंदी मोजल्याशिवाय पुढे जाऊच नये. डू-फाइलमध्ये, म्हणजे स्टाटाच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, स्वतःच्या सी ड्राइव्हचा पूर्ण पत्ता ठोकला, की तपासणाऱ्याच्या संगणकावर ती पहिल्या फटक्यात बंद पडते. (इतकी साधी गोष्ट, तरी हमखास राहते.)

संशोधन निधीचं दार मात्र अरुंद आहे. तो प्रामुख्याने केंद्राशी संलग्न संशोधकांसाठी असतो. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना छोट्या अनुदानासाठी अर्ज करायचा तर प्रबंध समितीवर असा संशोधक लागतो. बाहेरच्या विद्यापीठात एकट्याने काम करणाऱ्यांची इथेच पंचाईत होते.

प्रस्तावातला नेहमीचा घोटाळा नमुन्याचा. 20 गावांत प्रत्येकी 20 घरं म्हणजे 400 घरं, हा हिशेब कागदावरच राहतो. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. गावांतर्गत सहसंबंध (या सारखेपणाचं माप) 0.1 धरला, तर डिझाइन इफेक्ट (त्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा) 2.9 येतो आणि 400 घरांचं वजन जेमतेम 138 घरांइतकं उरतं. अशा वेळी घरं वाढवून फारसं काही साधत नाही, गावं वाढवावी लागतात, आणि खर्च तिथेच फुगतो. पॉवर कॅल्क्युलेशनचं, म्हणजे परिणाम दिसायला नमुना किती मोठा हवा या हिशेबाचं, मार्गदर्शन केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहे; बजेट मांडण्याआधी ते वाचावं.